कॉम्प्युटरचे ऑपरेशन, पण फरक किती मिलिमीटरचा?

जिल्ह्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. वडिलांच्या मेंदूत गाठ निघाली आहे, पुण्याच्या डॉक्टरांनी ‘नॅव्हिगेशन लावून ऑपरेशन करू’ असे सांगितले आहे आणि त्यासाठी खर्च वाढणार आहे. पत्राचा शेवट असा आहे : “पैशांची जुळवाजुळव करू, पण कॉम्प्युटर असल्यावर चूक होणार नाही ना?”

हा प्रश्न आता दवाखान्यात वारंवार कानावर येतो. पूर्वी नातेवाईक विचारीत, डॉक्टरांचा हात कसा आहे. आता विचारतात, मशीन कोणते आहे. गुडघ्याच्या सांध्यासाठी रोबोट, मणक्यातील स्क्रूसाठी नॅव्हिगेशन, अशा पाट्या मोठ्या शहरांतून आता तालुक्याच्या एस. टी. स्टँडपर्यंत आल्या आहेत आणि त्यांवर ‘अचूक’ हा शब्द हमखास असतो. हे यंत्र चांगले आहे आणि योग्य ठिकाणी ते वापरलेच पाहिजे, हे आधी सांगून टाकतो. पण ‘अचूक’ हा शब्द मला खटकतो. कोणतेही मोजमाप थोड्याफार फरकाने येते. हा फरक किती आहे, तो कोणी मोजला आणि शस्त्रक्रिया चालू असताना तो सर्जनला समोर दिसतो का, यावर रुग्णाची वाचा, दृष्टी किंवा हातापायांतील शक्ती अवलंबून असते. दुर्दैवाने बहुतेक पडद्यांवर जागा ठळक दिसते, पण तिच्याबद्दलची शंका कोठेच दिसत नाही.

आधी हे यंत्र काय करते ते पाहू. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या डोक्यावर काही चिकट खुणा लावून एमआरआय किंवा सीटी स्कॅन काढतात. हा झाला नकाशा. भूल दिल्यावर डोके तीन टोकांच्या चिमट्यात घट्ट बसवतात. बाजूला स्टँडवर दोन डोळ्यांचा इन्फ्रारेड कॅमेरा असतो. चिमट्याला आणि सर्जनच्या हातातील सळईला चकाकणारे छोटे गोळे लावलेले असतात, ते कॅमेऱ्याला दिसतात. सर्जन सळईचे टोक डोक्यावरील एकेका खुणेवर टेकवतो आणि कॉम्प्युटर स्कॅनमधील त्याच खुणांशी त्यांची जुळणी करतो. जुळणी झाली की सळई डोक्यात जेथे जाईल तेथे पडद्यावरील स्कॅनमध्ये एक फुली सरकत जाते. गाठ कोठे आहे, बोलण्याचे केंद्र किती लांब आहे, हे सर्जनला कवटी उघडण्यापूर्वीच समजते. डोक्याला लोखंडी चौकट बांधून मेंदूतील जागा गाठण्याची पद्धत माणसांसाठी १९४७ साली फिलाडेल्फियात सुरू झाली होती. चौकटीवाचून हे करता येते, हे अमेरिकेतील डार्टमथ येथील मेंदू-शल्यचिकित्सक डेव्हिड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवले.

आता नकाशा जमिनीवर बसवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. शेताची मोजणी ज्याने एकदा पाहिली आहे त्याला ते पाठ असते. मोजणीदार येतो, हद्दीचे दगड शोधतो, कागदावरचे दगड आणि जमिनीवरचे दगड जुळवतो आणि मग सांगतो की विहीर तुमच्या गटात येते की शेजाऱ्याच्या. समजा, कोणी रातोरात सगळे दगड पाच हात पूर्वेला सरकवून ठेवले (असे शेजारी आपल्याकडे दुर्मिळ नाहीत), तर काय होईल? नकाशा दगडांवर अगदी चपखल बसेल. मोजणीदार समाधानाने मान हलवील. आणि विहीर पाच हात चुकेल.

डोक्यावर नेमके हेच घडू शकते. खुणा कातडीवर असतात, हाडावर नव्हे. रुग्णाला पालथे झोपवले की चेहऱ्याची कातडी ओघळते, चिमट्याची टोके ती ओढतात. खुणा एकत्रच सरकल्या तर जुळणी उत्तम झाल्याचे यंत्र सांगते. पडद्यावर ‘१ मिलिमीटर’ असा एक दिलासा देणारा आकडा येतो. तो आकडा दगडांच्या जुळणीचा आहे, विहिरीचा नाही. अमेरिकेतील व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ मायकेल फिट्झपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली या दोन फरकांचे गणित मांडले. पुढे २००९ साली फिट्झपॅट्रिक यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध करून दाखवली. खुणांच्या जुळणीतला फरक आणि आतल्या लक्ष्याच्या जागेचा फरक यांचा परस्परांशी संबंध नसतो. जुळणीचा आकडा कमी आला म्हणून गाठीच्या जागेचा फरकही कमीच असेल, असे मानायला गणिताचा आधार नाही. इतकी वर्षे झाली तरी त्या आकड्याकडे बघून ‘छान आले’ म्हणण्याची सवय मात्र गेलेली नाही.

त्या गणितातून कामाची एक गोष्ट निघते. फरक सगळीकडे सारखा नसतो. खुणांचा जेथे मध्य, तेथे तो सर्वात कमी असतो आणि तेथून लांब जावे तसा वाढतो. सगळे दगड रस्त्याच्या कडेला आणि विहीर शेताच्या पलीकडच्या टोकाला असेल तर नकाशा जरासा तिरपा बसला तरी विहीर बरीच चुकते. एका अंशाचा तिरपेपणा १० सेंटीमीटरवर जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर होतो. चेहरा आणि कपाळ यांवरून जुळणी केली आणि गाठ डोक्याच्या मागच्या भागात असली, तर हीच परिस्थिती येते. शिवाय स्कॅनच्या छेदांची जाडी, कॅमेऱ्याची मर्यादा, सळईचे किंचित वाकलेले टोक हे प्रत्येक फरक आपापली भर घालतात. ते नेहमी एकाच दिशेला नसतात म्हणून सरळ बेरीज होत नाही. १ मिलिमीटरचे तीन स्वतंत्र फरक मिळून ३ नव्हे तर सुमारे १.७ मिलिमीटर होतात. पण ही झाली नेहमीची पातळी. नदीची सरासरी खोली कमरेएवढी आहे म्हणून कोणी डोळे मिटून पाण्यात उतरत नाही. एखाद्या रुग्णात हाच फरक दुप्पटही असतो.

आतापर्यंत नकाशा चुकीचा बसण्याबद्दल बोललो. मेंदूच्या बाबतीत याहून मोठी अडचण अशी की जमीनच सरकते. मेंदू हा खरवसाच्या वडीसारखा मऊ अवयव आहे. त्याचे वजन सुमारे १४०० ग्रॅम, पण कवटीतील द्रवात तरंगत असल्यामुळे तेथे ते जणू ५० ग्रॅमच भरते. कवटी उघडून आवरण कापले की हा द्रव वाहून जातो आणि आधार गेलेला मेंदू खाली बसतो. गाठीचा भाग काढला की रिकाम्या जागेकडे आजूबाजूचा भाग सरकतो. सूज कमी करण्याची औषधे दिलेली असतील तर त्यांचाही परिणाम होतो. या सगळ्याची पडद्याला खबर नसते. तेथे आदल्या दिवशीचा मेंदू दिसत राहतो आणि फुली पहिल्या मिनिटाइतकीच ठळक असते.

हे किती होते, ते कोणी मोजले? ज्यांनी १९८६ साली चौकटीविना मार्ग दाखवणारे यंत्र तयार केले, त्याच रॉबर्ट्स यांनी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २८ शस्त्रक्रियांमध्ये मेंदूच्या पृष्ठभागाची जागा मोजली आणि १९९८ साली प्रसिद्ध केली. सरासरी सरकणे सुमारे १ सेंटीमीटर होते आणि ते मुख्यतः गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने होते. म्हणजे जुळणीचे गणित मिलिमीटरमध्ये करायचे आणि मेंदूने मात्र सेंटीमीटरमध्ये हलायचे! आपणच पुढे आणलेल्या तंत्राची मर्यादा स्वतः मोजून छापणारी माणसे वैद्यकात फार नाहीत. मला त्यांच्या पहिल्या कामापेक्षा या दुसऱ्या कामाबद्दल अधिक आदर वाटतो.

हाडांचे काय? हाड बसत नाही, ओघळत नाही, म्हणून मणका आणि गुडघा येथे यंत्राचा भरवसा जास्त. पण तेथेही एक मणका दुसऱ्यावर हलतो, श्वासाबरोबर पाठ वरखाली होते आणि हाडात बसवलेल्या खुणेला मदतनिसाचे कोपर लागले तर पुढचे सारे मोजमाप बिघडते. मुख्य म्हणजे किती फरक चालेल, हे जागेवर ठरते. मणक्यातील स्क्रू ज्या अरुंद हाडातून जातो त्याच्या मापांवरून २००१ साली एक हिशेब प्रसिद्ध झाला. कमरेच्या शेवटच्या मणक्यात ३.८ मिलिमीटरपर्यंत फरक चालू शकतो, पण पाठीच्या पाचव्या मणक्यात तो जवळजवळ शून्य असावा लागतो, असे त्यात निघाले. त्याच्या शेजारीच मज्जारज्जू आहे. तेव्हा ‘आमच्या यंत्राचा फरक २ मिलिमीटर’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. एका मणक्याला ते भरपूर पुरते, दुसऱ्याला मुळीच पुरत नाही.

माहितीपत्रकातले आकडे कोठून येतात, हेही वाचकांना ठाऊक असावे. अशा यंत्रांची अचूकता कशी मोजावी याचे एक मानक एएसटीएम या संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केले. त्यात ठरावीक जागी खळगे पाडलेला एक ठोकळा घेऊन सळई त्यांवर टेकवतात आणि यंत्र काय सांगते ते पाहतात. मानक आवश्यकच आहे. त्यामुळे कॅमेरा आणि सळई यांची परीक्षा होते आणि दोन यंत्रांची तुलना करता येते. पण ठोकळा श्वास घेत नाही, त्याला सूज येत नाही, रक्त येत नाही. त्या ठोकळ्यावरचा आकडा रुग्णाच्या डोक्याचा आकडा म्हणून कोणी सांगू लागले, तर ती फसवणूक नसली तरी अर्धवट माहिती नक्कीच आहे.

मग पडद्यावर काय दिसावे? आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येच याचे उत्तर आहे. त्यात नकाशा उघडला की आपण असू तेथे निळा ठिपका दिसतो आणि त्याभोवती फिकट निळे वर्तुळ. मोकळ्या माळावर ते लहान असते. बाजारपेठेत, इमारतींच्या गर्दीत ते मोठे होते. मोबाइल आपल्याला सांगत असतो की तुम्ही या वर्तुळात कोठेतरी आहात, नक्की ठिपक्यावरच आहात असे नाही. रस्ता शोधणाऱ्याला जो प्रामाणिकपणा मिळतो, तो मेंदूत सळई घालणाऱ्याला मिळू नये, हे अजब आहे. काही यंत्रांत असा अंदाजित फरकाचा पट्टा दाखवण्याची सोय आता असते. तो हिशेब बहुधा खुणांच्या जुळणीवरून केलेला असतो, मेंदूचे बसणे त्यात धरलेले नसते.

वर्तुळ दाखवल्याने खरेच फायदा होतो का? कॅनडात किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली एक साधा प्रयोग मांडला. लक्ष्य शोधण्याचे एक सोपे काम काही जणांना दिले. जेव्हा त्यांना फरकाची व्याप्तीही पडद्यावर दाखवली गेली, तेव्हा लक्ष्य गाठण्यासाठी कमी प्रयत्न लागले आणि लक्ष्य चुकण्याचे प्रमाणही घटले. हे प्रयोगशाळेतले काम होते, रुग्णावरचे नव्हे, हे लक्षात ठेवू. तरीही शंका दाखवली तर हात डळमळतो, हा नेहमीचा आक्षेप त्यात टिकला नाही.

दुसरा आक्षेप मात्र मला पटतो. पडद्यावर रंगीबेरंगी ढग, पट्टे, आकडे भरले तर सर्जनने खरे शरीर पाहायचे कधी? २०१३ साली कॅनडातील संशोधकांनीच नाकातून दुर्बिणीने करायच्या कामाचा एक प्रयोग मृतदेहावर केला. काही सर्जनांना दुर्बिणीच्या चित्रावरच मार्गदर्शक रेषा काढून दाखवल्या, काहींना साधे चित्र दिले. रेषा पाहणारे ठरलेल्या जागेच्या अधिक जवळ पोचले. पण नजरेच्या टप्प्यात मुद्दाम ठेवलेली, गंभीर धोका सुचवणारी गोष्ट त्यांच्यातील १५ पैकी एकालाच दिसली. साधे चित्र पाहणाऱ्या १७ पैकी ७ जणांना ती दिसली. म्हणजे दाखवणे जितके महत्त्वाचे तितकेच काय झाकले जाते हेही महत्त्वाचे. माझे मत असे की फरकाचे वर्तुळ फिकट असावे, एकच असावे आणि ते एखाद्या नसेला किंवा रक्तवाहिनीला शिवू लागले तरच त्याने सर्जनचे लक्ष वेधावे. बाकी वेळ डोळे रुग्णाकडेच असू द्यावेत.

काही डॉक्टर मित्र म्हणतात, हे सर्व रुग्णाला सांगितले तर तो घाबरेल. मला असे वाटत नाही. आपल्याकडे गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात बाळाच्या वजनापुढे ‘अधिक-उणे इतके ग्रॅम’ असे छापलेले असते. तारीख दिली तरी ती पुढेमागे होणार, हे घरातल्या आजीला डॉक्टरांपेक्षा चांगले कळते. त्या ‘अधिक-उणे’ला पाहून कोणी घाबरल्याचे मी पाहिलेले नाही. उलट काहीच न सांगता पुढे हाताला कमजोरी आली, की ‘मशीन असून असे कसे झाले?’ हा प्रश्न येतो आणि त्याचे रूपांतर भांडणात होते. संमती घेताना शस्त्रक्रियेचे स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके रुग्णाला सांगितले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच एका निकालात स्पष्ट केले आहे. यंत्राचा फरक हा त्यातलाच भाग आहे, असे मी मानतो.

पत्र पाठवणाऱ्या वाचकांनी पुण्याच्या डॉक्टरांना यंत्राची कंपनी विचारण्यापेक्षा एवढे विचारावे : “गाठीपासून बोलण्याचे किंवा हाताचे केंद्र किती जवळ आहे, आणि तेवढ्या जागेत या यंत्रावर किती विसंबता येईल?” चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. तो बहुधा सांगेल की जुळणीनंतर मी सळई नाकाच्या मुळावर, डोळ्याच्या कोपऱ्यावर, कानापुढच्या उंचवट्यावर टेकवून पडद्याशी ताडून पाहतो. या तपासणीला एक पैसाही लागत नाही आणि फरक पकडण्याचा हा सर्वात सोपा उपाय आहे. तो असेही सांगेल की कवटी उघडल्यावर मी यंत्राला जपून विचारतो आणि डोळ्यांना अधिक. बॉस्टनमध्ये गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात शस्त्रक्रियागृहातच एमआरआय बसवून मेंदूचा ताजा नकाशा काढण्याची सुरुवात झाली, पण तो खर्च सर्वांच्या आवाक्यातला नाही. सोनोग्राफीचे यंत्र त्यामानाने स्वस्त. मुंबईच्या टाटा मेमोरिअल केंद्रातील मेंदू-शल्यचिकित्सकांनी नॅव्हिगेशनला जोडलेल्या त्रिमितीय सोनोग्राफीचा वापर करून त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध केले आहेत. जमीन सरकली तर तिचा नवा नकाशा तेथेच काढायचा, असा हा मार्ग आहे. यंत्रे विकत घेणाऱ्या रुग्णालयांच्या विश्वस्तांनी झगमगीत पडद्याऐवजी या जोडणीसाठी आधी पैसे ठेवावेत. आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीत ‘नॅव्हिगेशन वापरले’ एवढेच न लिहिता, तपासणीत किती मिलिमीटर फरक दिसला, ही एक ओळही लिहिली जावी.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण यावरून नातेवाइकांची बरीच चिडचिड होते. आपल्या गावात काढलेला एमआरआय घेऊन पुण्या-मुंबईला गेल्यावर ‘पुन्हा स्कॅन काढा’ असे सांगतात आणि घरची मंडळी लगेच कमिशनचा संशय घेतात. कमिशन आपल्याकडे नसतेच असे मी म्हणणार नाही. पण येथे कारण खरे असू शकते. निदानासाठीच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये छेद साधारण ५ मिलिमीटर जाडीचे असतात, कधी दोन छेदांमध्ये थोडी जागाही सोडलेली असते. नॅव्हिगेशनला १ मिलिमीटरच्या आसपासचे, सलग आणि पूर्ण डोक्याचे छेद लागतात. जाड छेदांचा नकाशा वापरला तर फरकाची सुरुवात तेथूनच होते. म्हणून पहिला स्कॅन काढण्यापूर्वीच, पुढे शस्त्रक्रियेची शक्यता असेल तर, पातळ छेदांची मालिकाही घ्यावी का, असे आपल्या डॉक्टरांकडून विचारून घ्या. मोठ्या रुग्णालयात जाताना फिल्मबरोबर त्या स्कॅनची सीडीही न्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फिल्मच्या फोटोवरून नॅव्हिगेशन होत नाही. आणि शस्त्रक्रियेची तारीख काही आठवडे पुढे गेली तर गाठ तेवढ्यात वाढलेली असू शकते, तेव्हा जुना स्कॅन चालेल की नवा लागेल, हे तारीख बदलतानाच विचारून घ्या.